मदत हवी आहे: इंग्रजी शब्दकोड्यात 'मृदू व्यंजनं', पाच अक्षरं, चौथं अडलंय

मंडळी, सकाळपासून डोकं खातंय हे. बाबा आणि मी रोज चहाबरोबर पेपरातलं इंग्रजी कोडं सोडवतो, बाबा डायरेक्ट पेनानं लिहितात (हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे) आणि आज सगळं भरून एकच चौकोन उरलाय. आडवा क्लू आहे 'सॉफ्ट कॉन्सोनन्ट्स', पुढे फोनेटिक्स (ध्वनिशास्त्र) असं लिहिलंय. हातात आलंय एल, ई, एन, मग रिकामं, मग एस. मला आधी 'लेंड्स' वाटलं, पण उधार देण्याचा व्यंजनांशी काय संबंध आणि डी तिथे बसतही नाही, कारण त्याच चौकोनातून उभा शब्द सुरू होतो, क्लू 'मेक सर्टन', सहा अक्षरी, पुढची पाच एन एस यू आर ई. म्हणजे आय लावून इन्शुअर नाहीतर ई लावून एन्शुअर, आणि डिक्शनरीत अर्थ दोन्हींचा लागतो!!

बाबांचं म्हणणं, शाळेत शिकलो तेच हे, क च ट त प कठोर आणि ग ज ड द ब मृदू, जगत् अधिक ईश जगदीश होताना त चा द होतो तो याच हिशोबानं. पटलं, पण त्याला इंग्रजीत 'व्हॉइस्ड' म्हणतात ना? ते एलनी कुठे सुरू होतं? गुगल करायचं नाही, आमच्या घरात ती चीटिंग धरतात, माणसांना विचारलेलं चालतं. प्लीज सांगा.

प्रतिसाद १
'लेनिस'. लॅटिन शब्द, अर्थ मऊ, सौम्य. उलटा शब्द फोर्टिस, म्हणजे जोरकस.

धागाकर्ती
अरे वा! म्हणजे आय, इन्शुअर. भरते.

प्रतिसाद २
थांबा, पेन खाली ठेवा. क्लू अनेकवचनी आहे. लेनिसचं अनेकवचन 'लेनीज', क्रायसिसचं क्रायसीज आणि ओएसिसचं ओएसीज होतं तसंच, आय जाऊन ई येतो. अक्षरं दोन्हीत पाचच आणि शेवटी एसही दोन्हीत, त्यामुळे एस दिसला की अनेकवचन असं इथे धरता येत नाही. म्हणजे तुमचा उभा शब्द एन्शुअर.

आणि 'व्हॉइस्ड'चं म्हणाल तर बाबा बरेचसे बरोबर आहेत, पण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा बी, डी, जी पुष्कळदा पूर्ण घोष (व्हॉइस्ड, म्हणजे स्वरतंतू थरथरवून काढलेला) नसतोच. 'पिग' आणि 'बिग' कुजबुजून म्हणून बघा, स्वरतंतू थरथरत नाहीत तरी समोरच्याला बहुतेक वेळा फरक कळतो. मग तो फरक कशाचा, तर जोराचा आणि हवेच्या झोताचा, म्हणून ही फोर्टिस-लेनिस जोडी वापरतात. शेवटीही गंमत आहे, 'बीट'मधला ई आखूड आणि 'बीड'मधला लांब निघतो.

प्रतिसाद ३
अवांतर, पण हे मी भोगलंय. इथे अमेरिकेत फोनवर आडनाव सांगताना पाटीलमधला पी म्हटला की पलीकडची बाई हमखास बी लिहायची. आपला प हवा न सोडता येतो आणि यांचा सुरुवातीचा पी चांगला फुंकर मारून, त्यामुळे आपला साधा प यांच्या कानाला लेनिसच लागतो. आता मी मेणबत्ती विझवल्यासारखा पी म्हणतो, बायको हसते, पण आडनाव बरोबर येतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार __/\__ प्रतिसाद २ वाचेपर्यंत मी बाबांना आय सांगून मोकळी झाले होते आणि त्यांनी तो ठळक लिहिलाही होता. आता त्याच आयला तीन आडव्या रेघा मारून ई केलाय. 'मी आधीपासून ई म्हणत होतो' असं चालू आहे, जे साफ खोटं आहे. आत्ता दोघं मिळून स्वयंपाकघरात पिग बिग कुजबुजतोय आणि आई दारात उभी राहून बघतेय.