मदत हवी आहे: बारीक तंतू दुप्पट की तिप्पट?

निशिगंध:
स्नायूच्या आडव्या छेदाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो समोर आहे. प्रत्येक जाड (मायोसिन) तंतूभोवती ६ बारीक (ॲक्टिन) तंतू स्वच्छ दिसतात. पुस्तकातही ६ च दिलेत. पण त्याच पानावर लिहिलंय की बारीक तंतू जाड तंतूंच्या दुप्पट असतात. मी मोजते तर तिप्पट भरतात. चार वेळा मोजून झालं. उद्या सकाळी वर्गात मांडायचंय, कुठे चुकतंय तेवढंच सांगा. आकुंचन कसं होतं ते मला माहीत आहे.

खडूफळा:
६ शेजारी आहेत म्हणून सहापट होत नाहीत. एक बारीक तंतू ३ जाड तंतूंच्या मधोमध असतो, म्हणजे तो तिघांत वाटला जातो. ६ भागिले ३, उत्तर २. तुम्ही कडेचे अर्धवट तंतू पूर्ण धरले असणार. थर्माकोलमध्ये पेन्सिली (जाड तंतू) आणि काड्या (बारीक तंतू) खोचून बघा, मी दरवर्षी मुलांकडून करून घेतो, लगेच उमगतं.

निशिगंध:
सर, वाटणी कळते मला. कडेचे सोडूनच मोजलेत. तरी तिप्पट.

सूक्ष्मदर्शी:
छेद कुठून गेलाय? सार्कोमिअरच्या, म्हणजे स्नायूच्या आकुंचन पावणाऱ्या छोट्या एककाच्या, मध्यभागी, एम रेषेच्या आसपास, फक्त जाड तंतू दिसतात. त्याच्या टोकाच्या झेड रेषेकडे गेलात तर फक्त बारीक. दोन्ही एकमेकांत शिरलेत त्याच पट्ट्यात मोजायचं. मापपट्टी आहे का फोटोवर? जाड तंतूची जाडी साधारण १५ नॅनोमीटर, बारीकची ७-८.

निशिगंध:
दोन्ही दिसताहेत म्हणजे त्याच पट्ट्यातला ना?

घामाचंमोल:
माझा अनुभव सांगतो. वजनं उचलायला लागल्यापासून माझे दंड भरले. व्यायामाने तंतू वाढतात, तसा एखाद्या पैलवानाचा स्नायू असेल. आणि व्यायामानंतर स्नायू ताणायला विसरू नका.

सूक्ष्मदर्शी:
व्यायामाने स्नायुपेशी जाड होते, तिच्यात अशा तंतूंच्या जुड्या वाढतात. जुडीच्या आतलं जाड-बारीक प्रमाण बदलत नाही. ताणण्याबद्दल कोणी विचारलेलंच नाही.

जुनंपान:
स्नायू आखडलेला असताना छेद घेतला असेल. तंतू आखूड होतात, दाटी होते.

खडूफळा:
तंतू आखूड होत नाहीत हो! एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली शास्त्रज्ञांच्या दोन जोड्यांनी हे एकाच वेळी मांडलं: ॲन्ड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के, ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोघे हक्सली एकमेकांचे नातलग नव्हेत, मुलं दर वेळी विचारतात. जाड तंतूची लांबी १.६ मायक्रोमीटर, ती आकुंचनातही तेवढीच राहते.

जुनंपान:
शब्द चुकला, मान्य. पण स्नायू फार आखडला की समोरच्या बाजूचे बारीक तंतूही मध्यभागी घुसतात. तिथे प्रमाण बदलणारच.

सूक्ष्मदर्शी:
हे बरोबर आहे. पण मग तिथे दोन्ही बाजूंचे दुप्पट-दुप्पट मिळून चौपट भरतील, तिप्पट नाही. निशिगंध, मुळात स्नायू कोणाचा आहे?

निशिगंध:
फोटोखाली लेथोसेरस लिहिलंय, पाण्यातला मोठा कीटक. पंखांचा, उडण्याचा स्नायू. स्नायू तो स्नायू, म्हणून लिहिलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शी:
अहो, हेच आधी हवं होतं! तुमची मोजणी बरोबर आहे. कीटकांच्या या स्नायूत बारीक तंतू ३ जाड तंतूंच्या मध्ये नसतो, शेजारच्या २ जाड तंतूंच्या बरोबर मध्ये असतो. ६ भागिले २, उत्तर ३. पुस्तकातलं दुप्पट पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचं. षटकोन दोन्हीकडे, काड्यांची जागा वेगळी.

निशिगंध:
आत्ता पुन्हा पाहिलं, खरंच जोडणाऱ्या रेषेवर आहेत! खूप आभार. मग कीटकाच्या पायाच्या स्नायूतही तिप्पटच का?

सूक्ष्मदर्शी:
नाही. तिथे जाड तंतूभोवती १०-१२ बारीक तंतूंचं कडं असतं. उद्या त्यात शिरू नका.

खडूफळा:
काड्यांचं मॉडेल मात्र न्याच. दोन्ही रचना शेजारी शेजारी खोचा.