मदत हवी आहे : गाय दगावली, पशुवैद्यकाची तक्रार करायची तरी कुठे?

नमस्कार मंडळी. आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, तिसरं वेत. व्याल्यावर दुसऱ्याच दिवशी बसली, अंग गार. दुग्धज्वरच, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटतं तो आजार. खाजगी डॉक्टर आले आणि त्यांनी कॅल्शियमची बाटली शिरेतून पाच मिनिटांत रिकामी केली. वडील म्हणत होते, "साहेब, जरा हळू सोडा." भरभर सोडलं तर काळीज बंद पडतं हे आमच्या गड्यालाही ठाऊक आहे. सुई काढायच्या आत गाय गेली.

शवविच्छेदन करून घेतलंय, चिठ्ठी आणि बाटलीही जपून ठेवलीय. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांकच नाही!

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ प्रमाणे नोंदणी असेल तरच प्रॅक्टिस करता येते. पशुवैद्यकीची नुसती पदविका (डिप्लोमा) असणाऱ्यांना फक्त किरकोळ उपचार, तेही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. मग हे नक्की कोण? नोंदणी असेल तर तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे, म्हणजे नागपूरला. पण परिषदेत निवडून जाणारे डॉक्टर, निवडून देणारेही डॉक्टरच. चोर म्हणत नाही कुणाला, पण दूध काढणाऱ्याचं तिथं कोण ऐकणार? आणि नोंदणीच नसेल तर परिषद नाव तरी कशातून काढणार? की सरळ पोलिसांत जायचं?

वकील म्हणतात, भरपाईसाठी ग्राहक आयोगात जा, दोन वर्षांची मुदत असते.

कुणी परिषदेकडे तक्रार केलीय का? प्रतिज्ञापत्र लागतं का, सुनावणीला किती खेपा झाल्या? तालुक्याचे सरकारी डॉक्टर लेखी मत द्यायला तयार नाहीत, त्यावर काय उपाय?