होमस्टेची इंग्रजी सूचना छाटून द्या ना कुणीतरी

तारकर्लीवाला: पावसाळी गेस्टसाठी ही ओळ लिहिलीय, 'इट इज टू बी नोटेड बाय ऑल गेस्ट्स दॅट ड्यू टू द फॅक्ट दॅट द फिशिंग बॅन इज इन फोर्स फ्रॉम १ जून टू ३१ जुलै, देअर विल बी नॉन-अव्हेलेबिलिटी ऑफ फ्रेश फिश'. ग्रामर बरोबर आहे पण वाचताना दम लागतो, काय करू?

खाडीकाठ: मेल्या, एवढा वाचतलो कोण! 'इट इज टू बी नोटेड' उडव, सूचना आहे म्हणजे नोट करायचीच ना. 'ड्यू टू द फॅक्ट दॅट'च्या जागी नुसतं 'बिकॉज' चालतं.

गुहागर_मास्तर: रिचर्ड लॅनहॅम या अमेरिकन प्राध्यापकांची पॅरामेडिक मेथड बघा. वाक्यातले 'ऑफ, टू, बाय' आणि 'इज, आर' यांना गोल करायचे, मग विचारायचं की इथे नेमकं कोण काय करतंय, आणि ते साध्या क्रियापदात लिहायचं. तुमच्या वाक्यात करणाराच गायब आहे, 'वी' कुठेय? शिवाय बंदी यांत्रिक होड्यांना असते, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट आहे, त्यामुळे 'मिळणारच नाही' हे खरं पण नाही. असं करा: 'ड्युरिंग द फिशिंग बॅन, १ जून टू ३१ जुलै, वी मे नॉट हॅव फ्रेश फिश एव्हरी डे.'

तारकर्लीवाला: झकास सर, हेच लावतो. चेक-आऊटची ओळ याहून भयंकर आहे, रात्री टाकतो.