शब्दचर्चा : ‘कैसराचे ते कैसराला भरून द्या’. कर, जकात, चुकवणे, अधीन

साखरपेठ :
मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायावर दोन पानी पत्रक करायचं आहे. विषय : सरकार, कर आणि ख्रिस्ती माणूस. वाचणाऱ्यांत घरी तेलुगू आणि कन्नड बोलणारे बरेच आहेत, म्हणून शब्द नेमके हवेत. अडलेल्या जागा अशा :

सातव्या वचनात ‘कर’ आणि ‘जकात’ असे दोन शब्द आहेत. दोन्हीकडे ‘कर’ लिहिलं तर चालेल का? येशूच्या उत्तरातल्या ‘कैसराला (म्हणजे रोमी सम्राटाला) भरून द्या’ऐवजी सरळ ‘भरा’ का नको? ‘अधीन असावे’ म्हणजे ‘आज्ञा पाळावी’ असंच ना? आणि मसुद्यात एक वाक्य आहे, ‘विश्वासणाऱ्याने आपला कर वेळेवर चुकवावा.’ ते कानाला खटकतं, पण चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही.

बाळीवेस :
शेवटचं आधी घ्या, कारण ते तसंच छापलं तर अर्थ उलटा होईल. मराठीत ‘कर चुकवणे’ म्हणजे कर बुडवणे. ‘चुकता करणे’ म्हणजे फेडून टाकणे. धातू एकच, पण एका ‘व’ने माणूस प्रामाणिकाचा करबुडवा होतो. हे वाक्य हिंदीतून आलं असणार. हिंदी बायबलमध्ये याच सातव्या वचनात ‘हर एक का हक्क चुकाया करो’ असं आहे. हिंदीत ‘चुकाना’ म्हणजे फेडणे. आपल्याकडे घरी एक, बाजारात दुसरी आणि उपासनेत तिसरी भाषा चालते, त्यामुळे ‘टॅक्स चुकाया क्या’चं ‘टॅक्स चुकवला का’ होऊन बसतं. ‘मोठी किंमत चुकवावी लागली’ हेही त्याच वाटेने वर्तमानपत्रात शिरलं आहे. मराठीत किंमत मोजावी लागते.

पत्रकात लिहा : ‘कर वेळेवर भरावा’ किंवा ‘चुकता करावा’.

त्याच हिंदी वचनात पुढे ‘जिसे महसूल चाहिए, उसे महसूल दो’ आहे. तोही शब्द तसाच उचलू नका. मराठी वाचकाला महसूल म्हटलं की तलाठी, सातबारा आणि शेतसारा दिसतो. मूळात तिथे बरोबर दुसरी गोष्ट आहे.

सातरस्ता :
तीच दुसरी गोष्ट सांगतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘फोरोस’ आणि ‘टेलोस’ असे दोन शब्द आहेत. फोरोस हा जिंकलेल्या प्रजेने द्यायचा थेट कर, जमिनीवरचा किंवा डोक्यामागचा. टेलोस हा मालाच्या ये-जा करण्यावर आणि व्यवहारावर बसणारा कर. मराठी भाषांतरकारांनी पहिल्याला ‘कर’ आणि दुसऱ्याला ‘जकात’ घातलं, ते फार विचारपूर्वक केलेलं काम आहे. घरपट्टी तुमच्या नावाने घरी येते, तुम्ही वर्षभर जागचे हलला नाहीत तरी. जकात माल हलला की लागते : चादरींचे गठ्ठे गाडीत चढले, नाक्यावर आले की पावती फाडायची. दोन्हीकडे ‘कर’ लिहिलंत तर पत्र लिहिणाऱ्या पौलाने मुद्दाम मांडलेली जोडी मोडते. थेट कर द्या आणि वाटेवरचाही द्या, एक भरला म्हणून दुसरा सुटत नाही, हे त्याला म्हणायचं आहे.

जकातदार हा शब्दही यावरूनच. ग्रीकमध्ये ‘टेलोनेस’, म्हणजे टेलोस गोळा करणारा. येशूचा शिष्य मत्तय जकातीच्या नाक्यावर बसलेला होता. जक्कय यरीहोत मुख्य जकातदार होता, आणि यरीहो व्यापारी रस्त्यावरचं गाव. अशा वसुलीचा ठेका दिला जाई. ठरलेली रक्कम सरकारला पोचवली की वरचं ठेकेदाराचं, म्हणून लोकांचा राग. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा त्याने नोकरी सोडा असं सांगितलं नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं (लूक 3:13). पत्रक करांबद्दल आहे, तर हे वचन त्यात हवंच. देणाऱ्याला सगळेच सांगतात, इथे घेणाऱ्याला सांगितलं आहे.

साखरपेठ :
पण आजच्या तरुण मुलांना ‘जकात’ कळेल का? नाके गेले. आणि शेजारच्या मुस्लिम घरात जकात म्हणजे रमजानमध्ये काढायचं दान.

सातरस्ता :
रास्त शंका आहे. शब्द एकच, अरबीतला. मराठीत तो नाक्यावरच्या कराचा झाला आणि मुसलमानांच्या बोलण्यात धर्माने सांगितलेल्या दानाचाच राहिला, जे साठलेल्या धनाच्या अडीच टक्के असतं. पत्रकात शब्द ‘जकात’च ठेवा, कारण लोकांच्या हातातल्या बायबलमध्ये तोच आहे. खाली एक ओळ द्या : ‘जकात : मालाची ने-आण आणि विक्री यांवरचा कर, 1 जुलै 2017 पासून आपण जो जीएसटी देतो तो याच जातीचा.’ फक्त ‘जीएसटी म्हणजेच जकात’ असं लिहू नका. जकात शहराच्या वेशीवर लागायची, जीएसटी प्रत्येक विक्रीच्या टप्प्यावर लागतो.

रेल्वेलाईन :
आता ‘भरून द्या’. याच्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण अख्ख्या प्रसंगाचा कणा या शब्दात आहे.

मार्क 12 मध्ये विचारणारे विचारतात, कैसराला कर ‘द्यावा’ की न द्यावा. ग्रीक क्रियापद ‘दूनाय’, साधं देणे. येशू उत्तरात ते क्रियापद बदलतो : ‘अपोदोते’. ‘अपो’ म्हणजे परत, मागे. ज्याचं आहे ते त्याला परत करा, देणं लागता ते फेडा. रोमकरांस पत्र 13:7 ची सुरुवातही याच ‘अपोदोते’ने होते. मराठीत नुसतं ‘भरा’ म्हटलं की खिडकीवर उभं राहून पैसे भरणं होतं : फी भरा, बिल भरा, दंड भरा. ‘भरून द्या’ वेगळं. नुकसान भरून देतात, खळगा भरून काढतात. आधी काहीतरी घेतलेलं आहे, ते पुरं करून द्यायचं आहे, हा भाव त्यात आपोआप येतो. या ठिकाणी मराठी मूळाच्या इतकी जवळ गेली आहे की तिला हात लावणं म्हणजे नुकसानच.

नाणं रोमी होतं आणि ते विचारणाऱ्यांच्याच हाती सापडलं. तिबेरियसचा चेहरा, भोवती लेख : तिबेरियस कैसर, दिव्य ऑगस्टसचा पुत्र. त्याचं नाणं वापरता, त्याच्या रस्त्यावरून माल नेता, तर त्याचं त्याला परत करा. पण वाक्य तिथे थांबत नाही, ‘आणि देवाचे ते देवाला’ असं पुढे जातं. क्रियापद दोन्ही अर्ध्यांना एकच. आपले वक्ते पहिला अर्धा घरपट्टीच्या थकबाकीवर बोलताना वापरतात, दुसरा अर्पणाच्या थैलीवर. मूळात दोन हिशेब वेगळे ठेवायचे असा अर्थ नाही.

कारण पुढचा शब्द बघा. येशू विचारतो, ‘हा मुखवटा व हा लेख कोणाचा?’ मूळ शब्द ‘एइकोन’. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मनुष्य आपल्या ‘प्रतिरूपा’चा केला, तिथे ग्रीक भाषांतरात हाच ‘एइकोन’ आहे. नाण्यावर कैसराचं प्रतिरूप, म्हणून नाणं त्याचं. माणसावर देवाचं प्रतिरूप, म्हणून माणूस देवाचा. तेर्तुल्यान या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने हा अर्थ जुन्या काळीच लिहून ठेवला आहे. मराठीत एकीकडे ‘मुखवटा’ आणि दुसरीकडे ‘प्रतिरूप’ आल्यामुळे हा धागा डोळ्यांना दिसत नाही. पत्रकात तो जोडून दाखवा.

बाळीवेस :
मुखवटा म्हटलं की मुलांना सोंग आठवतं हो.

रेल्वेलाईन :
आठवतं, पण शब्द वाईट नाही. गौरीचे मुखवटे, देवाचा पितळी किंवा चांदीचा मुखवटा, असा धातूवर उठवलेला चेहरा हा त्याचा जुना अर्थ, आणि नाण्यावर तोच असतो. कंसात ‘चेहरा, प्रतिमा’ एवढं द्या.

साखरपेठ :
आणि नाण्याने भरायचा तो कर कोणता? फोरोस की टेलोस?

सातरस्ता :
मत्तय आणि मार्क ‘केन्सोस’ म्हणतात, लॅटिनमधला शब्द, ज्याचा अर्थ शिरगणतीवर आकारलेला डोईमागचा कर. मराठीत याला ‘डोईपट्टी’ शोभतो. लूक तिथेच ‘फोरोस’ लिहितो. म्हणजे हा थेट कर, जकात नव्हे. इ.स. 6 मध्ये क्विरिनियसच्या काळात यहूदीयाची शिरगणती झाली तेव्हा गालीली यहूदाने बंड केलं, त्याचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये 5:37 मध्ये आहे. म्हणून तो प्रश्न सापळ्याचा होता : ‘द्या’ म्हटलं तर लोक दुरावणार, ‘देऊ नका’ म्हटलं तर बंडखोर ठरणार.

आणखी एक वसुली वेगळी ठेवा. मत्तय 17 मध्ये पेत्राला विचारतात ती मंदिरासाठीची पट्टी, दर प्रौढ पुरुषामागे अर्धा शेकेल, म्हणजे दोन द्राख्मा. माशाच्या तोंडातलं नाणं ‘स्टेटर’, चार द्राख्मांचं, म्हणून दोघांची पट्टी भागते. याला ‘वर्गणी’ लिहू नका. वर्गणी मनावर असते, पट्टी बसवलेली असते.

साखरपेठ :
‘अधीन’ राहिलं. वर्गात हा प्रश्न येणारच, आणि आपल्या सोलापुरात तर येणारच. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांचे पुतळे रोज बघणारा माणूस ‘वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे’ हे कसं वाचेल?

रेल्वेलाईन :
हा प्रश्न टाळू नका. तो शब्दानेच बराच सुटतो. रोमकरांस पत्र 13:1 मध्ये ‘हुपोटासो’ आहे, खाली क्रमाने उभं राहणे, आपली जागा मान्य करणे. ‘आज्ञा पाळणे’साठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, ‘पेइथार्खेओ’. तीताला पत्र 3:1 मध्ये दोन्ही शेजारी शेजारी येतात : अधीन राहावे, आज्ञा पाळाव्या. एकच अर्थ असता तर दोनदा कशाला लिहिलं असतं? आणि प्रेषितांची कृत्ये 5:29 मध्ये पेत्र न्यायसभेसमोर मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असं म्हणतो, तिथे ‘पेइथार्खेओ’ आहे. पुढे 40व्या वचनात प्रेषितांना फटके बसतात. ते पळत नाहीत, हात उगारत नाहीत, फटके खाऊन बाहेर येतात आणि पुन्हा शिकवतात. आज्ञा मोडली आणि तरी अधीन राहिले, दोन्ही एकाच प्रसंगात. मराठीत यासाठी एक जुळणारा शब्द आधीच आहे : सविनय कायदेभंग. ‘कायदेभंग’ आज्ञेचा, ‘सविनय’ अधीनतेचा. शिक्षा चुकवायची नाही, हे त्यात धरलेलंच आहे.

मात्र ‘अधीन’ला ‘ताबेदार’ किंवा ‘गुलाम’ असे पर्याय देऊ नका, आणि ‘आज्ञाधारक’ही नको. उलट बाजूने, कर चुकवणाऱ्याने कृत्ये 5:29 पुढे करू नये. त्या प्रसंगात मनाई सुवार्ता सांगण्याला होती, पैशाचा विषयच नव्हता. पौलाने रोमकरांना कर द्या म्हणून लिहिलं तेव्हा गादीवर नीरो होता.

बाळीवेस :
सातव्या वचनातला ‘धाक’ही सांभाळा. ‘धाक’ म्हटलं की दमदाटी वाटते. पेत्राच्या पहिल्या पत्रात (2:17) विभागणी जास्त स्पष्ट आहे : भय देवाचे, मान राजाचा. दोन्ही वचनं शेजारी छापा, टीप लिहायची गरज उरणार नाही.

साखरपेठ :
शेवटचा व्यवहाराचा प्रश्न. पत्रकाच्या मागच्या पानावर ‘मंदिर-मशिदी-चर्चला घरपट्टी माफ’ असं वाक्य आहे. बरोबर?

सातरस्ता :
अर्धवट. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 132 मध्ये जी सूट आहे ती ‘सर्वसाधारण करा’पुरती, आणि केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरात असलेल्या इमारतीला किंवा तेवढ्या भागाला. बिलात इतर ओळी असतात, पाणीपट्टी वगैरे, त्या वेगळ्या वाचाव्या लागतात. आवारातला गाळा भाड्याने दिला असेल तर तो भाग उपासनेचा उरत नाही. म्हणून ‘घरपट्टी माफ’ ऐवजी ‘उपासनेच्या जागेला सर्वसाधारण करातून सूट’ लिहा. ‘माफ’ म्हणजे देणं होतं आणि सोडलं. ‘सूट’ म्हणजे ते बसलंच नाही. बिल हातात घेऊन कोणत्या ओळीला सूट लागली आहे तेवढं तपासून मगच छापा.