पोलंडच्या बेस्किद निस्कीत तीन दिवस पळायचंय, लाकडी चर्च बघत बघत. रूट सुचवा

अजिंक्यताऱ्याचा_पायथा
मंडळी नमस्कार. मी साताऱ्याचा, दीड वर्ष झालं क्राकोवला नोकरीला आहे. साताऱ्यात असताना अजिंक्यतारा, यवतेश्वर, वेळ मिळाला की कासपर्यंत असं पळणं व्हायचं, इथे आल्यापासून नदीकाठच्या सपाट रस्त्यावर पळून पळून पाय मेल्यासारखे झालेत. तात्राला दोनदा गेलो पण तिथे गर्दी फार आणि सगळा दगडांवरून चढ-उतार, पळणं असं होतच नाही. ऑफिसमधला एक पोलिश मित्र म्हणाला तुला झाडी, चढ आणि शांतता हवी असेल तर बेस्किद निस्कीत जा, डोंगर हजार मीटरच्या आतले आहेत आणि जंगलातून पळता पळता मध्येच जुनी लाकडी चर्च लागतात, त्यातली काही युनेस्कोच्या यादीत आहेत. फोटो बघितले आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

सप्टेंबरमध्ये तीन दिवस काढू शकतो. दिवसाला २५-३० किमी झेपतं. गाडी नाही, बसनेच जाणार. तर रूट कसा करू, राहायचं कुठे, चर्च आतून बघायला मिळतात का, आणि लांडगे अस्वलं आहेत म्हणतात ते कितपत खरं? एकटाच आहे म्हणून विचारतो.

क्राकोवची_काकू
अरे वा, या भागाबद्दल मराठीत कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी अकरा वर्षं इथे आहे आणि दर वर्षी एकदा तरी तिकडे जातेच, आता पळणं कमी आणि चालणं जास्त, पण वाटा पायाखालच्या आहेत.

सगळ्यात आधी क्राकोवहून गोर्लित्सेची बस पकड, सकाळची. तिथून विसोवाकडे जाणारी लोकल बस मिळते, उशचे गोर्लित्स्कीएला उतर. शनिवार-रविवारी या लोकल बस जवळपास नसतात म्हणून शुक्रवारी सुरुवात कर, हे विसरू नकोस, माझी एकदा शेवटची बस गेली आणि अंधारात डांबरी रस्त्याने दोन तास चालावं लागलं.

पहिला दिवस: उशचेहून रस्त्यानेच तीनेक किमीवर क्वियातोन. तिथलं संत पारास्केवाचं चर्च, म्हणजे लेमको लोक (या डोंगरांत पूर्वीपासून राहणारा, वेगळी भाषा बोलणारा समाज) ज्याला त्सेर्कव म्हणतात ते, सतराव्या शतकातलं आहे, मनोरा १७४३ चा. २०१३ मध्ये युनेस्कोने पोलंड आणि युक्रेनमधली मिळून १६ लाकडी चर्च घेतली त्यातलं हे एक. रस्त्याला लागूनच आहे म्हणून लोक गाडीतून उतरतात, फोटो काढतात आणि जातात. तू तसं करू नकोस. भोवतीने एक चक्कर मार आणि भिंतीच्या कोपऱ्यापाशी थांब, ओंडके एकमेकांत खाचा पाडून कसे बसवलेत ते दिसतं, आणि वरून खालपर्यंत लाकडी फळ्यांचे छोटे खवले, माशाच्या अंगासारखे. ऊन असलं की त्या लाकडाला वास सुटतो. मनोरा पश्चिमेला, त्याच्या खाली बायकांची बसायची जागा, तिचं नावच बाबिनेत्स म्हणजे बायकांचा भाग, मग मधलं सभागृह आणि पूर्वेला गाभारा. छपरं तिन्हीची वेगळी आणि पूर्वेकडे उतरत जातात. आपल्या कोकणातल्या देवळाची उतरती छपरं आठवतात मला दर वेळी.

तिथून स्मेरेकोवियेत्स, मग रेगेतुव. रेगेतुवला हुत्सुल जातीच्या घोड्यांचा मोठा तबेला आहे, बुटकी दणकट घोडी कुरणात मोकळी चरत असतात. इथून लाल पट्ट्यांची वाट घ्यायची, ती बेस्किदची मुख्य वाट, पाचेकशे किमीची, झाडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा रंगवलेला असतो. चढ चढून रोतुंदा, ७७१ मीटर. माथ्यावर पहिल्या महायुद्धातलं सैनिकांचं दफनस्थान आहे, दुशान युर्कोविच नावाच्या स्लोव्हाक वास्तुकाराने रचलेलं, पाच उंच लाकडी मनोरे झाडांच्या मध्ये उभे. पळत पळत वर येतोस आणि अचानक समोर ते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बराच वेळ घड्याळ बंद करून नुसती बसून होते. मग खाली ज्दिन्या, तिथे राहायला घरगुती खोल्या मिळतात, आधी फोन करून ठेव. हा दिवस सोपा आहे, पाय मोकळे होतात.

दुसरा दिवस खरा. ज्दिन्याहून लाल वाटेनेच वोवोवियेत्स, तिथलं लाकडी ऑर्थोडॉक्स चर्च झाडीत जरा वर आहे, आणि मग लाल वाट सोडून झावोया ओढ्याच्या कडेने न्येज्नायोवा. या पट्ट्यात ओढा पायाने ओलांडावा लागतो, एकदा नाही बऱ्याचदा. पाऊस झालेला असेल तर जाऊच नकोस. न्येज्नायोवाला जाऊन परत वोवोवियेत्सवरून बार्त्ने, तिथे पीटीटीके या पोलिश पर्यटन संस्थेची डोंगरातली साधी झोपडी आहे, गरम सूप आणि झोपायला पलंग. सगळं मिळून तिसापर्यंत जाईल, नकाशावर मोजून घे.

न्येज्नायोवात काय आहे म्हणशील तर गाव नाही. लेमको लोकांचं गाव होतं. १९४७ च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन विस्वा सुरू झालं आणि सरकारने इथल्या लेमको आणि युक्रेनी लोकांना, एकूण सुमारे १ लाख ४० हजार, मालगाड्यांत घालून देशाच्या पश्चिमेला आणि उत्तरेला नेऊन विखरून टाकलं. गावंच्या गावं ओस पडली. आता तिथे कुरण, थोड्या कबरी, रस्त्याकडेचे दगडी क्रूस आणि सफरचंदाची झाडं. ती झाडं नीट बघ. जंगलात सरळ रेषेत चार-पाच फळझाडं दिसली की समजायचं इथे घर होतं, बरेचदा बाजूच्या गवतात तळघराचा खड्डाही सापडतो. सप्टेंबरमध्ये फळं लागलेली असतात, बारकी, आंबट, खाली पडून सडत असतात, हरणं खातात. शेजारची रादोत्सिना, चार्ने, दूगिए हीसुद्धा अशीच गावं, काही ठिकाणी गावाच्या नावाचं नुसतं एक दार चौकटीसकट उभं केलंय, मागे काही नाही. चार्नेचं चर्च तर उचलून नोवी सोंचच्या उघड्या संग्रहालयात नेलंय. म्हणून मी सगळ्यांना सांगते की नुसती चर्चची यादी करून पळू नका. चर्च उभं आहे ते आपल्याला दिसतं, पण त्या चर्चला येणारी माणसं कुठून चालत यायची ते बघायचं असेल तर या ओस गावांतूनच गेलं पाहिजे.

तिसरा दिवस बार्त्नेहून. निघायच्या आधी गावातलं कोस्मास आणि दामियान या संतांचं चर्च बघ. या गावात पूर्वी पाथरवट होते, भोवतालच्या गावांतले कितीतरी दगडी क्रूस इथल्या हातचे. मग वर वात्कोवा, ८४६ मीटर, पूर्ण बीचचं जंगल, सप्टेंबरअखेर पिवळं व्हायला लागतं. हा मागुरा राष्ट्रीय उद्यानाचा भाग, खुणेची वाट सोडायची नाही. तिथून फेर्देलवरून खाली वापिएन्ने, मग रस्त्याने सेंकोवा. सेंकोवाचं चर्च रोमन कॅथलिक, साधारण १५२० चं, छप्पर एवढं मोठं आणि खाली आलेलं की चर्च त्याच्या आत लपल्यासारखं वाटतं. १९१४-१५ च्या हिवाळ्यात सैनिकांनी याचं लाकूड खंदकांना आणि जाळायला नेलं, नंतर पुन्हा उभं केलंय. सेंकोवाहून गोर्लित्से जवळच, तिथून क्राकोवची बस पकड आणि घरी. तो रविवार असेल आणि रविवारी इथे बहुतेक दुकानं बंद, खायचं शनिवारीच घेऊन ठेव.

चिखलातला_एकाडएक
काकूंनी रूट एकदम बरोबर दिलाय. मी ऑक्टोबरमध्ये लेमकोविना अल्ट्रा-ट्रेल या इथल्या डोंगरातल्या शर्यतीची ७० किमी पळालोय, खिरोवाहून कोमान्चापर्यंत, मोठी १५०ची क्रिनित्साहून सुटते. मी फक्त चिखलाबद्दल बोलतो कारण बाकी कुणी सांगत नाही.

आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळ्यात लाल मातीचा राडा होतो पण खाली काळा कातळ आहे, पाय कुठेतरी टेकतो. इथे खालचा खडकच वेगळा, वालुकाश्म आणि चिकणमातीचे थरावर थर, पाणी खाली मुरतच नाही, वरच साचून राहतं. त्यात लाकूडतोडीचे ट्रॅक्टर ओंडके ओढत त्याच वाटेने जातात आणि दोन्ही बाजूला गुडघाभर चर पडतात. मी नेहमीचे रस्त्याचे बूट घालून सरावाला गेलो होतो तेव्हा एका उतारावर बूट चिखलात राहिला आणि मोजा घातलेला पाय पुढे गेला, हाताने खणून काढावा लागला बूट. त्यामुळे खोल दात्यांचे ट्रेल बूट, नाडी घट्ट, आणि काठ्या घेच घे. सप्टेंबर त्या मानाने बराच कोरडा असतो पण आधी आठवडाभर पाऊस असेल तर तुझा किलोमीटरचा वेळ दीडपट धर.

आणखी एक, गोचीड. मेपासून ऑक्टोबरपर्यंत भरपूर. गोचिडीमुळे मेंदूला सूज येते त्याची लस इथे मिळते, घेऊन टाक, पण लाइम आजारावर ती चालत नाही म्हणून रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला नीट बघायचं आणि दिसली की चिमट्याने सरळ ओढून काढायची, तेल-बिल लावायचं नाही.

पंचगंगेकाठची
मी कोल्हापूरची, पळण्यातलं मला काही कळत नाही पण काकूंचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या आजोळी वळिवड्याच्या पोलिश कॅम्पच्या गोष्टी खूप ऐकल्यात. १९४३ ते १९४८ तिथे पाचेक हजार पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधून सायबेरियाकडे वगैरे हाकललेली. म्हणजे ज्या वर्षी लेमको लोकांना गाड्यांत भरत होते त्या वर्षी आमच्याकडे पंचगंगेच्या काठी पोलिश मुलं शाळेत जात होती. आणि ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं राहिली, आजचं गांधीनगर. दादा, तू जाशील तेव्हा त्या सफरचंदाच्या झाडाचा एक फोटो टाक इथे. माझ्या आजीला दाखवायचाय, कॅम्पातल्या बायकांनी लावलेली फुलझाडं तिला अजून आठवतात.

तात्रापलीकडचा
मी कोशित्सेला असतो, स्लोव्हाकियात. तुझ्याकडे चौथा दिवस असेल तर हद्दीच्या अलीकडेही ये. बोद्रुझालचं संत निकोलसचं चर्च १६५८ चं, युनेस्कोत आहे, स्विदनिकपासून जवळ. तिथे मात्र १९४४ च्या दुक्लाच्या लढाईचा भाग आहे, वाट सोडून जंगलात शिरू नकोस आणि गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नकोस, न फुटलेला दारूगोळा असू शकतो. बाकी ओस गावं पोलंडच्याच बाजूला जास्त, काकू म्हणतात ते खरंय.

अजिंक्यताऱ्याचा_पायथा
काकू, दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रिंट काढून ठेवलंय. त्या १९४७ बद्दल मला काहीच माहीत नव्हतं, दीड वर्ष इथे राहून. काकू, दोनच गोष्टी राहिल्या, चर्च आतून उघडी असतात का आणि ते लांडग्यांचं?

क्राकोवची_काकू
उन्हाळ्यात क्वियातोन, सेंकोवा अशी मोठी चर्च उघडी असतात, आत माहिती सांगणारं माणूस बसलेलं असतं. सप्टेंबरमध्ये नक्की नसतं, दारावर फोन नंबर लावलेला असतो, नाहीतर शेजारच्या घरी विचारायचं, चावी बहुतेक तिथेच असते. "जेन दोब्री" म्हणून दार वाजव आणि थांब, म्हातारी माणसं असतात, यायला वेळ लागतो. माझ्यासाठी एका आजीने एप्रनला हात पुसत पुसत येऊन वीतभर लांबीची लोखंडी चावी लावली होती. पिशवीत एक लांब पॅन्ट ठेव, हाफ पॅन्टवर आत जाऊ नकोस, आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालू असेल तर मागे उभा राहून ऐक, फोटो नको. ऑर्थोडॉक्स प्रार्थनेत वाद्य नसतं, नुसते आवाज, आणि लाकडी भिंतीत ते कसे घुमतात ते सांगून कळणार नाही.

लांडगे आहेत, मला अकरा वर्षांत एकदाही दिसले नाहीत, चिखलात ठसे मात्र दिसले. ते माणसापासून लांब राहतात. अस्वलं पूर्वेकडे जास्त पण इकडेही फिरतात, म्हणून दाट झाडीत वळणावर जरा आवाज करत पळ आणि कानात काही लावू नकोस. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात संध्याकाळी जंगलातून मोठी डरकाळी ऐकू येईल, घाबरू नकोस, ती हरणाच्या नरांची असते. फोनला रेंज दऱ्यांत जाते, नकाशा आधीच उतरवून घे. डोंगरातल्या बचाव पथकाचा नंबर ९८५, तो आत्ताच सेव्ह कर, आणि रात्री कुठे मुक्काम आहे ते मला मेसेज करत जा.