'माळवद पाडा, स्लॅब टाका' या सल्ल्याबद्दल

दगडीजोते
"किल्लारीच्या भूकंपाने एकच धडा दिला : दगडमातीची माळवदे (मातीच्या सपाट छपरांची घरे) पाडा, स्लॅब टाका आणि निर्धास्त झोपा," असे परवा एका सदस्याने ठामपणे लिहिले आणि त्याखाली अनुमोदनाची रांग लागली. ते वाचून राग आला, म्हणून हा स्वतंत्र धागा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी माणसे दगडांखाली गाडली गेली, हे कोणीच नाकारत नाही. परंतु त्या भिंती कशा रचलेल्या होत्या, तेही पाहावे. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीत आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन सुटे थर, मध्ये चिखल आणि चिपा, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नाहीतच. हादरा बसताच भिंतीला पोट आले आणि थर सुटले. त्यात, माळवद गळू नये म्हणून जुनी माती न काढता वर्षानुवर्षे पांढऱ्या मातीची भर घातलेली. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या. उंचीत दर दोन फुटांवर आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या वर चहूबाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा आणि छपरावरची माती कमी, एवढे केले तरी तेच घर माणसांना बाहेर पडण्याइतका वेळ देते.

तेरणाकाठ
माझी आजी आणि दोन चुलतभाऊ त्या पहाटे गेले. गणपती विसर्जन आटोपून सगळे उशिरा झोपले होते. मी नऊ वर्षांचा होतो आणि हट्टाने अंगणात बाजेवर झोपलो होतो, म्हणून आज हे लिहितो आहे. पुनर्वसनात पक्के घर मिळाल्यानंतरही आई कित्येक वर्षे शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपत असे. आरपार दगडांचे गणित आपण तिला समजावून दाखवावे, मग आम्हाला शिकवावे.

रिंगवाला
मी स्लॅबची बाजू घ्यायला आलो होतो, पण प्रामाणिकपणे घेता येत नाही. बावीस वर्षे साइटवर आहे. कॉलमच्या रिंगेचे, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या लोखंडी कडीचे, टोक १३५ अंशांत वळवून आत काँक्रीटमध्ये गेले पाहिजे. कारागीर ते काटकोनात वळवून मोकळा होतो, कारण तसे लवकर होते. जोरदार हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट उडाले की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. एकदा मी चाळीस रिंगा परत करायला लावल्या, तर मालकच मला म्हणाले की इथे कुठे भूकंप होतो! किल्लारीही तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. तो विभागच २००२ मध्ये रद्द झाला.

कोयनाकाठ
रिंगा मोजत बसा. मुळात भूकंप आणले कोणी? कोयना धरणात पाणी साठू लागल्यावर काही वर्षांतच ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप झाला. त्यानंतर पाचपेक्षा अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के आम्ही सोसले. वीज राज्याला आणि तडे आमच्या भिंतींना!

दगडीजोते
पाणी भूकंप 'आणत' नाही. खडकातील प्रस्तरभंगावर, म्हणजे जमिनीखालच्या मोठ्या भेगेवर, ताण आधीच साचलेला असतो. जलाशयाचे वजन आणि भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब त्याला केवळ निमित्त देतात. आपली तक्रार रास्त आहे, कारणमीमांसा अर्धवट आहे.

कोयनाकाठ
निमित्त! वाळलेल्या गंजीजवळ काडी ओढणाराही निमित्तच असतो. आपण धरणाचे वकीलपत्र घेतले आहे, हे आधी सांगायचे होते.

तेरणाकाठ
आमच्याकडेही तेरणा नदीवरच्या माकणीच्या धरणावर बोट ठेवले गेले होते आणि त्यावर तज्ज्ञांचे एकमत कधीच झाले नाही. त्या वादात गावकऱ्यांच्या पदरी काय पडले?

दगडीजोते
वकीलपत्राचा आरोप मागे घ्यावा. धरण उद्या रिकामे केले, तरी साचलेला ताण नाहीसा होणार नाही आणि आपल्याला झोपायचे आहे ते त्याच भिंतींच्या आड. ६७ नंतर धरणाची भिंत मागून काँक्रीटचा आधार देऊन बळकट केली गेली. धरणाला जे मिळाले, ते खालच्या घरांना का मिळू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

कोयनाकाठ
हा प्रश्न आधी विचारला असतात, तर मी भांडलोच नसतो. आरोप मागे घेत नाही, फक्त स्थगित ठेवतो.

रिंगवाला
माझ्या इमारतीखालीही पार्किंगसाठी मजला मोकळा आहे. नुसत्या कॉलमवर वरचा सगळा भार, मध्ये भिंत नाही. माळवदाला नावे ठेवण्याचा अधिकार मला उरत नाही.

तेरणाकाठ
मामांच्या जुन्या घराच्या माळवदावर आजही दीड फूट माती आहे. काल शिडी लावून काठीने मोजली. येत्या उन्हाळ्यात ती उतरवून पत्रे घालून घेतो. यावरून आपण जिंकलात असे समजू नये. त्या घरात मी तरीही रात्र काढणार नाही.