पडत्या बाजारात घर पाहणारे भरपूर, मग सौदे का अडतात?

हिशेबनीस (धागाकर्ता):
पुण्यात जुन्या सदनिकांचा बाजार मंदावला की एक विचित्र स्थिती निर्माण होते. घर घेऊ इच्छिणारे लोक शनिवार-रविवारी वाघोली, उंड्री, पुनावळे या भागांत फिरत असतात, एजंटांना फोनवरून उसंत नसते, तरीही विसार देण्यापर्यंत गोष्ट क्वचितच पोहोचते. माझ्या मते याची मोठी जबाबदारी विक्रेत्यावर आहे. आज बाजारात काय मिळेल याचा विचार न करता तो स्वतः मोजलेली किंमत, त्यावर भरलेले व्याज, मॉड्युलर किचनचा खर्च आणि शेजारच्या इमारतीत तेजीच्या वेळी कोणाला तरी मिळालेला भाव डोळ्यांसमोर ठेवून आकडा ठरवतो. ही केवळ पुणेरी हट्टाची गोष्ट नाही. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातील बॉस्टनमधील सदनिकांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या मालकांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमी भाव मिळण्याची शक्यता होती, त्यांनी त्या संभाव्य तोट्याच्या २५ ते ३५ टक्के इतकी जादा मागणी केल्याचे त्यांना आढळले. स्वतः घरात राहणाऱ्यांमध्ये ही प्रवृत्ती गुंतवणूकदारांच्या दुप्पट होती. घर आपण केवढ्याला घेतले याच्याशी नव्या ग्राहकाचा काहीही संबंध नसतो, हे मान्य करायला इतके जड का जावे?

नदीकाठ:
त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष आपण सांगितला नाही. अडून बसलेल्या विक्रेत्यांची घरे विकली जायला वेळ लागला हे खरे, परंतु त्यांना अखेरीस इतरांपेक्षा थोडी अधिक किंमतही मिळाली. ती वाढ संभाव्य तोट्याच्या ३ ते १८ टक्के एवढी होती. म्हणजे थांबण्याचा मोबदला शून्य नव्हता.

शिवाय आपल्याकडे भाव कमी करण्याच्या आड रेडी रेकनर, म्हणजे जागांच्या मूल्याचे सरकारी दरपत्रकही येते. समजा, रेडी रेकनरप्रमाणे सदनिकेचे मूल्य ८० लाख आहे आणि सौदा ६८ लाखांना ठरला. मुद्रांक शुल्क ८० लाखांवरच भरावे लागते. आयकरात १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो; येथे तो त्याहून मोठा असल्याने विक्रेत्याचा भांडवली नफा ८० लाख धरून मोजला जातो, आणि वरचे १२ लाख खरेदीदाराचे उत्पन्न समजले जातात. न मिळालेल्या पैशांचा कर दोघांनी भरायचा असेल, तर किंमत कोणत्या उत्साहाने उतरवायची? आणि घर विकून दुसरे घेणाऱ्याला पुन्हा ७ टक्के मुद्रांक शुल्क भरावे लागते, महिलेच्या नावावर घेतले तर ६ टक्के. अशा माणसाने विकण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे पत्करले, तर त्याला भावनाप्रधान म्हणता येणार नाही.

दस्तलेखक:
रेडी रेकनरचा मुद्दा योग्य असला तरी तो सर्वत्र लागू नाही. जेथे प्रत्यक्ष भाव दरपत्रकाच्या बराच वर आहे, तेथे उतरायला पुरेशी जागा असते. अडचण येते ती दोन्ही आकडे जवळ आलेल्या पट्ट्यांत. दरपत्रकाचे मूल्य वाजवी बाजारभावापेक्षा जास्त आहे असे वाटल्यास विक्रेता ते प्रकरण आयकर विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करू शकतो. मात्र ही वाट धरणारे लोक कमी. कचेरीच्या खेपा कोणाला हव्या असतात?

वाकडचा भाडेकरू:
आम्हा ग्राहकांच्या ‘उत्सुकते’बद्दल गैरसमज नको. घर पाहणे आणि घर घेण्याची निकड असणे यांत अंतर आहे. ८० लाखांच्या सदनिकेला महिना २२ हजार भाडे धरले, तर वर्षाला २ लाख ६४ हजार होतात, म्हणजे किमतीच्या ३.३ टक्के. त्याच घरासाठी ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच पाच लाखांच्या आसपास जाते. भाव आणखी उतरतील असे ज्याला वाटते, त्याला भाड्याने राहून वाट पाहणे सहज परवडते. त्यामुळे विक्रेत्याने पाच टक्के उतरवले तरी आम्ही दहा टक्क्यांची अपेक्षा धरतो, हे मी प्रांजळपणे सांगतो.

नदीकाठ:
मग दोष एकट्या विक्रेत्याचा कसा? त्याने पहिली सवलत दिली की ग्राहक तिला अगतिकतेची खूण समजतो. म्हणूनच बिल्डर जाहीर दर सहसा कमी करत नाहीत. पार्किंग फुकट देतात, वरच्या मजल्याचा जादा आकार सोडतात, मुद्रांक शुल्क स्वतः भरतात. आधीचे ग्राहक दाराशी येऊन भांडू नयेत, हाही त्यातला हेतू असतो.

हिशेबनीस:
बिल्डर निदान प्रत्यक्षात किंमत उतरवतो, नाव काहीही देवो. वैयक्तिक मालकाला तेवढेही जमत नाही. थांबण्याची किंमतही मोजा. २०१४ ते २०२० या काळात पुण्यातील बहुतेक भागांत भाव जवळजवळ गोठले होते. मधेच नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली, मे २०१७ मध्ये गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेरा प्राधिकरणाचे काम सुरू झाले, आणि त्याच आर्थिक वर्षापासून घराच्या तोट्याची (म्हणजे भाड्याहून जास्त झालेल्या कर्जाच्या व्याजाची, विक्रीतल्या तोट्याची नव्हे) इतर उत्पन्नातून होणारी वजावट वर्षाला २ लाखांपुरती मर्यादित झाली. त्या सहा वर्षांत ज्याने ‘मला तोट्यात विकायचे नाही’ असे म्हणत तोच आकडा धरून ठेवला, त्याच्या आकड्याची खरेदीशक्ती ५ टक्के महागाई धरल्यास सुमारे पाव भागाने घटली. कागदावर तोटा दिसला नाही, एवढेच समाधान.

वाकडचा भाडेकरू:
आणि २०२१ नंतर भाव वाढले, तेव्हा २०१९ मध्ये विकणारा हळहळला. थांबणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे हिशेब नंतर कोणालाही मांडता येतात.

हिशेबनीस:
मान्य, पण एक गोष्ट पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून डिसेंबरअखेरपर्यंत २ टक्के आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के केले, तेव्हा दस्त नोंदणीसाठी झुंबड उडाली. अडून बसलेले मालक तेच होते आणि वाट पाहणारे ग्राहकही तेच. दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने इतके सौदे मोकळे होत असतील, तर दोन्ही बाजूंमधील दरी एवढी अफाट नव्हती. ती दरी भरण्याची सुरुवात सरकारनेच का करावी, हा माझा प्रश्न आहे.

दस्तलेखक:
सुरुवात माहितीपासून करता येईल. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते आणि तीत प्रत्यक्ष मोबदला व शासकीय बाजारभाव दोन्ही दिलेले असतात. बहुतेक मालक जाहिरातीतील आकडे पाहून भाव ठरवतात. म्हणजे न विकल्या गेलेल्या घरांच्या किमतीवरून आपल्या घराची किंमत काढतात. अर्थात मंदीत एखाद्या इमारतीत वर्षभरात दोन-तीनच दस्त होतात, त्यांतील एखादा नात्यातला आणि एखादा कर्ज थकल्याने घाईत केलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

माझ्या पाहण्यात पडत्या काळात सर्वांत सुरळीत पार पडतात ते वारसांनी विकलेल्या घरांचे व्यवहार. वडिलांनी ते कधीकाळी काही लाखांत घेतलेले असते. त्यामुळे ‘तोट्यात जातो आहे’ ही भावना कोणालाच नसते.

नदीकाठ:
आपला अनुभव वेगळा दिसतो. कोथरूड, एरंडवणे भागातील जुन्या सोसायट्यांत वारसच सर्वांत जास्त अडतात, कारण पुनर्विकासात वाढीव जागा मिळेल ही आशा असते आणि सह्या करणाऱ्या चार भावंडांपैकी एकाला तरी आणखी दोन वर्षे थांबायचे असते. तेथे खरेदीच्या किमतीचा प्रश्नच येत नाही, तरीही घर विकले जात नाही. आपल्या बॉस्टनच्या सिद्धांतात हे कोठे बसते, ते धागाकर्त्यांनी सांगावे.